अर्थ न सांगणारा ध्वज

दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेचे पहिले परिशिष्ट अगदी छोटे आहे आणि ते केवळ राष्ट्रध्वजासाठी राखलेले आहे. ध्वज आयताकृती असावा, रुंदीच्या दीडपट लांब असावा. त्यात काळा, सोनेरी, हिरवा, पांढरा, मिरचीसारखा लाल आणि निळा असे सहा रंग असावेत. दंडाकडच्या दोन कोपऱ्यांतून निघणारे हिरवे पट्टे मध्यभागी एकत्र येऊन पुढे एकच पट्टा होऊन जावेत. त्या पट्ट्याची रुंदी ध्वजाच्या एकपंचमांश आणि त्याच्या किनारींची एकपंचदशांश असावी. मापे आहेत, जागा आहेत, रंगांची नावे आहेत. कोणता रंग कशाचे प्रतीक, याबद्दल मात्र एक शब्दही नाही. इतकेच नव्हे, तर कोणत्याही रंगाला सर्वांनी मानावा असा एकच अर्थ चिकटवू नये, अशी तिथल्या सरकारची जाहीर भूमिका आहे. आफ्रिकेतल्या बहुतेक राष्ट्रांनी आपल्या ध्वजाचा रंगन् रंग उलगडून सांगितला आहे. ज्या देशाकडे सांगण्यासारखे सर्वांत जास्त होते, त्यानेच मौन का धरावे? हे मौन शहाणपणाचे की पळवाटेचे? या प्रश्नाला दोन बाजू आहेत आणि त्या आपल्या जुन्या शास्त्रार्थाच्या रीतीने, पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष अशा मांडलेल्या बऱ्या. माझा कौल उत्तरपक्षाला आहे. पण पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर त्या कौलाला काही किंमत राहणार नाही.

पूर्वपक्ष : आफ्रिकेतले ध्वज नुसते शोभेसाठी रंगवलेले नाहीत. ज्यांना इतिहासच नाही असे युरोपने शंभर-दीडशे वर्षे सांगितले, त्या लोकांनी स्वतंत्र होताच आपला इतिहास कापडावर लिहिला. १८९६ साली अदवाच्या लढाईत इथिओपियाने इटलीचा पराभव केला आणि त्या देशाचे हिरवा, पिवळा, लाल हे रंग पुढे साऱ्या खंडाच्या स्वाभिमानाचे रंग झाले. ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला, तेव्हा थिओडोशिया ओको या चित्रकर्तीने हेच रंग घेतले. लाल म्हणजे स्वातंत्र्यासाठी सांडलेले रक्त, सोनेरी म्हणजे भूमीतली खनिजे, हिरवा म्हणजे अरण्ये आणि शेती, आणि मधला काळा तारा म्हणजे आफ्रिकेची मुक्ती. १९६३ साली केनियाने काळा, लाल आणि हिरवा असे पट्टे घेतले, त्यांच्यामध्ये शांततेचा पांढरा घातला आणि त्यावर मसाईंची ढाल आणि भाले ठेवले. निरक्षर शेतकऱ्यालाही हा ध्वज वाचता येतो. आता दक्षिण आफ्रिकेकडे पाहा. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या आणि सरकारी नोंदीप्रमाणे ६९ माणसे मेली. १६ जून १९७६ रोजी सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळीबार झाला. एवढे रक्त सांडूनही ध्वजातला लाल रंग त्या रक्ताचा आहे असे म्हणायला राज्य तयार नाही. या मौनामागे काही तत्त्वज्ञान होते असेही नाही. निवडणूक तोंडावर आली होती, ध्वज ठरत नव्हता, म्हणून घाईत एक चित्र उचलले आणि कोणी दुखावू नये म्हणून अर्थाचा विषयच टाळला. तुम्ही याला शहाणपण म्हणता, मी याला सोयीचे विस्मरण म्हणतो.

उत्तरपक्ष : घाई झाली हे खरे आहे, ती लपवण्याचे कारण नाही. १९९३ मध्ये राष्ट्रीय प्रतीकांसाठी नेमलेल्या आयोगाने लोकांकडून आराखडे मागवले आणि सात हजारांहून अधिक आले. त्यांतले सहा निवडून लोकांपुढे ठेवले, तर एकालाही पुरेसा पाठिंबा मिळाला नाही. मग व्यावसायिक कलावंतांकडे काम सोपवले, तेही जमले नाही. फेब्रुवारी १९९४ उजाडला, एप्रिलच्या अखेरीस सर्व वंशांच्या नागरिकांना मताधिकार असलेली पहिली निवडणूक होती, आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे सिरिल रामाफोसा व गोऱ्या सरकारचे रोल्फ मेयर या वाटाघाटी करणाऱ्या दोघांवर ध्वजाचा प्रश्न मिटवण्याची जबाबदारी आली. त्यांनी पुढे आणलेले चित्र फ्रेडरिक ब्राउनेल यांचे. ब्राउनेल सरकारात ‘स्टेट हेरल्ड’ या पदावर होते, म्हणजे मानचिन्हे आणि ध्वज हाच त्यांचा व्यवसाय. १९९३ मध्ये झुरिकला ध्वजांच्या अभ्यासकांची परिषद भरली होती, तिथे त्यांनी या आकृतीचे पहिले रेखाटन केले होते. १५ मार्च १९९४ रोजी संक्रमणकाळातल्या कार्यकारी परिषदेने ते मान्य केले आणि २७ एप्रिलला, मतदानाच्या दिवसांत, तो ध्वज प्रथम फडकला. तोही हंगामी म्हणून. या सगळ्यावरून निर्णय घाईचा होता एवढे सिद्ध होते. निर्णय चुकीचा होता हे सिद्ध होत नाही. विचारण्यासारखा प्रश्न वेगळाच आहे : सात हजार आराखड्यांतून एकही का चालला नाही? कारण त्या देशात प्रतीकांची वाटणी करण्याचा प्रयोग एकदा होऊन गेला होता आणि त्याची कटू आठवण शिल्लक होती.

तो प्रयोग १९२७ चा. ब्रिटिश आणि बोअर (डच वंशाचे) या दोन गोऱ्या समाजांच्या ‘युनियन ऑफ साउथ आफ्रिका’ला स्वतःचा ध्वज हवा होता. गृहमंत्री डी. एफ. मलान यांनी आणलेल्या विधेयकावरून एवढे रान पेटले की नाताळ प्रांतातल्या इंग्रजी भाषकांनी युनियनमधून फुटून निघण्याची भाषा केली. ब्रिटनचा युनियन जॅक हवाच, असे एक बाजू म्हणे. बोअर युद्धात ज्याच्याखाली आमच्या बायकापोरांना छावण्यांत कोंडले ते निशाण नकोच, असे दुसरी म्हणे. अखेर डच परंपरेतले नारिंगी, पांढरा आणि निळा असे तीन आडवे पट्टे घेतले आणि मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर तीन चिमुकले ध्वज काढले : युनियन जॅक, आणि ऑरेंज फ्री स्टेट व ट्रान्सवाल या जुन्या बोअर प्रजासत्ताकांचे. कोणता कुठे, कोणता उभा आणि कोणता आडवा, प्रत्येकाचा आकार सारखा आहे ना, यावर खल झाला. एवढे करूनही १९५७ पर्यंत युनियन जॅक शेजारी वेगळा फडकत राहिला. ३१ मे १९२८ पासून फडकलेला हा ध्वज म्हणजे ज्याचा त्याचा हिस्सा मोजून देण्याचा नमुना होता. आणि देशातल्या बहुसंख्य काळ्या माणसांना त्यात हिस्सा सोडाच, कोणी विचारलेही नव्हते. प्रत्येक रंगाला एकेक मालक नेमून दिला की ज्याला रंग मिळाला नाही तो बाहेरचा ठरतो, आणि ज्याला मिळाला तो आपल्या पट्ट्याची रुंदी मोजत बसतो. १९९४ मध्ये हीच वाटणी पुन्हा करायची असती, तर झुलू, खोसा, सोथो, आफ्रिकानर, इंग्रज, मिश्रवंशीय, भारतीय वंशाचे असे किती चिमुकले ध्वज काढावे लागले असते?

पूर्वपक्ष : पण वाटणी तर झालीच आहे! लाल, पांढरा, निळा हे रंग बोअर प्रजासत्ताकांच्या आणि ब्रिटनच्या ध्वजांतले. काळा, हिरवा, सोनेरी हे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या निशाणातले. तिथे त्यांचे अर्थही स्पष्ट आहेत : काळी जनता, भूमी आणि भूमीतली संपत्ती. लोक हे ओळखतात. अर्थ आहे, राज्य तो उच्चारत नाही, एवढाच फरक. जे सर्वांना दिसते ते न बोलणे याला प्रामाणिकपणा म्हणत नाहीत. शिवाय राज्याने अर्थ दिला नाही तर लोक आपला लावतातच. काळा म्हणजे काळे, पांढरा म्हणजे गोरे, असा सर्वांत ढोबळ अर्थ आपोआप रूढ होतो. तुमच्या मौनाने जातीय वाचन थांबले का?

उत्तरपक्ष : रंग कुठून आले आणि रंगांचा अर्थ काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रंग दोन परंपरांतून आले हे निर्विवाद आहे आणि ते कोणी नाकारत नाही. पण या ध्वजात ते दोन परंपरांचे म्हणून राहिले आहेत का, ते पाहावे लागेल. लाल रंगाचेच उदाहरण घ्या. ब्रिटिशांचा लाल आणि जुन्या ध्वजातला नारिंगी यांपैकी एक निवडला असता, तर १९२७ चे भांडण नव्याने उकरले गेले असते. घेतलेली छटा दोन्हींच्या मधली आहे. तिच्यावर कोणालाच पूर्ण हक्क सांगता येत नाही. हिरवा पट्टा वरच्या लाल आणि खालच्या निळ्याच्या मधून जातो, त्याला बाहेरून पांढरी किनार आणि दंडाकडच्या काळ्या त्रिकोणाच्या बाजूने सोनेरी किनार. म्हणजे एका परंपरेच्या रंगाची हद्द दुसरीच्या रंगाने आखलेली आहे. कात्री घेऊन यातला ‘आमचा’ भाग वेगळा काढू म्हटले तर हाती चिंध्या येतील. माझा मुख्य मुद्दा इथेच आहे : या ध्वजाने आपले म्हणणे रंगांवर न टाकता आकृतीवर टाकले आहे. दोन कोपऱ्यांतून निघालेल्या वाटा एक होतात, हे कोणालाही न समजावता दिसते. समाजातले वेगवेगळे घटक एकत्र येऊन पुढचा रस्ता एकत्र चालतात, एवढा अर्थ सरकारही मान्य करते, आणि तो आकृतीचा अर्थ आहे. रंग माणसांच्या कातडीला चिकटू शकतो. ज्या देशाने माणसाच्या रंगावरून त्याचे घर, शाळा, बस आणि लग्न ठरवण्याचे कायदे केले, तिथे राज्याने पुन्हा एकदा ‘हा रंग यांचा’ असे सरकारी शिक्क्यानिशी म्हणणे किती भयंकर ठरले असते!

आणि हे शहाणपण आपल्याला परके नाही. १९२१ च्या सुमारास भारतात जो चरख्याचा ध्वज पुढे आला, त्यात लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतरांचा असा अर्थ सांगितला जाई. त्याचा परिणाम काय झाला? शिखांनी आपला रंग मागितला, आणि मागणी रास्तच होती, कारण वाटणीचे तत्त्व एकदा मान्य केले की कोणाला नाही म्हणणार? दहा वर्षांनी, ऑगस्ट १९३१ मध्ये, मुंबईच्या बैठकीत काँग्रेसने तिरंगा स्वीकारला तो रंगांना कोणताही धार्मिक अर्थ नाही असे स्पष्ट करून. रंग गुणांचे असतील, समाजांचे नसतील. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत नेहरूंनी मांडलेल्या ठरावातही रंगांची नावे आणि प्रमाण आहे, त्यांचे अर्थ नाहीत. राधाकृष्णन यांनी केलेला उलगडा भाषणातला होता. तरीही भगवा आणि हिरवा यांचे जातीय वाचन आपल्याकडे आजही होते, हे मी मान्य करतो, आणि दक्षिण आफ्रिकेतही कोणी काळ्या-पांढऱ्याचे तसे वाचन करत असेल. फरक एवढाच की त्या वाचनामागे राज्य उभे नाही. नागरिक ते खोडून काढू शकतो, आणि तसे करताना राज्याची भूमिका त्याच्या बाजूने असते.

पूर्वपक्ष : मग झिंबाब्वेचे काय करायचे? १९८० सालच्या त्यांच्या ध्वजात प्रत्येक रंगाचा अर्थ ठरलेला आहे : हिरवा शेतीचा, पिवळा खनिजांचा, लाल रक्ताचा, काळा बहुसंख्य जनतेचा. एप्रिल २०१६ मध्ये हरारेतले धर्मोपदेशक इव्हान मवारिरे यांनी तो ध्वज गळ्यात घालून एक चित्रफीत प्रसिद्ध केली आणि एकेका रंगाचा हिशेब मागितला. पिके कुठे आहेत? खनिजांचा पैसा कोणाकडे गेला? ज्यांनी रक्त सांडले त्यांना आज काय वाटेल? त्यातून मुगाबे सरकारविरुद्ध मोठे आंदोलन उभे राहिले. लिहून दिलेला अर्थ म्हणजे राज्याने नागरिकाला दिलेले वचन असते, आणि वचन लिहिलेले असेल तरच ते मोडल्याचा जाब विचारता येतो. दक्षिण आफ्रिकेत १६ ऑगस्ट २०१२ रोजी मारिकानाला, प्लॅटिनमच्या खाणीवर संप करणाऱ्या ३४ कामगारांना पोलिसांनी गोळ्या घालून मारले. नव्या राज्याच्या, नव्या ध्वजाच्या पोलिसांनी. सोनेरी रंग म्हणजे जनतेची खनिज संपत्ती, असे त्या ध्वजावर अधिकृतपणे लिहिलेले असते तर त्या दिवशी तो ध्वज सरकारला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करू शकला असता. तुमचा मुका ध्वज तिथे काय म्हणाला?

उत्तरपक्ष : पूर्वपक्षाचा हा सर्वांत बळकट आक्षेप आहे आणि त्याने मला थांबवले. मवारिरे यांनी जे केले ते विलक्षण होते. ध्वज इतक्या नेमकेपणाने सत्तेवर उलटवल्याची उदाहरणे थोडी आहेत. पण गोष्ट तिथे संपली नाही. त्यांना अटक झाली, आणि त्याच वर्षी सरकारने ध्वजाच्या परवानगीविना वापराबद्दल लोकांना कायद्याचा धाक घातला. ज्याच्या हाती अर्थ लिहिण्याची लेखणी असते, त्याच्या हाती तो वापरण्याचा परवानाही असतो. मलावीत याची दुसरी तऱ्हा दिसली. तिथल्या ध्वजावर उगवता सूर्य होता, आफ्रिकेच्या उषःकालाचा. २०१० मध्ये अध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांच्या सरकारने ठरवले की आता उषःकाल सरला, देश प्रगत झाला. म्हणून उगवत्या सूर्याच्या जागी पूर्ण सूर्य आला. देशात इंधनाचा आणि परकीय चलनाचा तुटवडा वाढत होता आणि ध्वजावर मध्यान्ह तळपत होती. मुथारिकांच्या मृत्यूनंतर २०१२ मध्ये जुना ध्वज परत आणला गेला. ठरलेला अर्थ जाब विचारण्याची सोय करतो तशीच फुशारकी मारण्याचीही करतो, आणि दुसऱ्या कामी तो सत्ताधाऱ्याच्या जास्त हाताशी असतो. रुवांडाचे उदाहरण तर काळजाला भिडणारे आहे. दक्षिण आफ्रिकेचा ध्वज प्रथम फडकला त्या एप्रिल १९९४ मध्येच रुवांडात तुत्सींचा संहार चालू होता. त्या देशाचा जुना ध्वज लाल, पिवळा, हिरवा. नंतर त्यातला लाल रंग लोकांना पाहवेना आणि २००१ मध्ये रुवांडाने निळ्या, पिवळ्या, हिरव्या रंगांचा, सूर्य असलेला नवा ध्वज घेतला. लाल म्हणजे मुक्तीसाठी सांडलेले रक्त, असा अर्थ कितीही पवित्र मानून लिहिला असला तरी त्याच देशात वेगळे रक्त वाहिल्यावर तो अर्थ टिकला नाही.

मारिकानाबद्दल. तिथे ध्वज काही म्हणाला नाही, हे खरे. पण दक्षिण आफ्रिकेने राज्याची वचने वेगळ्या ठिकाणी लिहिली आहेत आणि ती रंगांपेक्षा कितीतरी नेमकी आहेत. घर, आरोग्य, अन्न, पाणी, संप करण्याचा हक्क, हे सगळे घटनेत कलमवार आहे. २००० मध्ये ग्रूटबूम खटल्यात बेघरांच्या बाजूने आणि २००२ मध्ये गर्भवतींना एचआयव्हीवरचे औषध मिळावे म्हणून झालेल्या खटल्यात तिथल्या घटना न्यायालयाने सरकारला त्या वचनांवरून जाब विचारला. स्मृतीचीही तीच व्यवस्था आहे. अध्यक्ष नेल्सन मंडेलांनी १० डिसेंबर १९९६ रोजी नव्या घटनेवर सही केली ती शार्पव्हिलमध्ये. २१ मार्च हा मानवी हक्क दिन आहे, १६ जून हा युवक दिन. जोहान्सबर्गच्या ज्या तुरुंगात एके काळी गांधींनाही ठेवले होते, त्या तुरुंगाच्या आवारात आज घटना न्यायालयाची इमारत आहे, आणि पाडलेल्या कच्च्या कैद्यांच्या बराकीच्या विटा तिच्या बांधकामात वापरल्या आहेत. रक्ताची आठवण तिथे आहे, नाव आणि तारखेसह आहे. तीच ध्वजातही कोंबली पाहिजे, असा हट्ट मला पटत नाही. एवढे मात्र कबूल करतो की खटला लढायला वकील लागतो आणि ध्वज खांद्यावर घ्यायला कोणी लागत नाही. मवारिरे यांनी जे साधले ते घटनेच्या कलमांना साधणार नाही.

पूर्वपक्ष : निदान एका विसंगतीचे उत्तर द्या. ऑक्टोबर २०१७ मधल्या निदर्शनांत काही गोऱ्यांनी जुना ध्वज मिरवला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये समता न्यायालयाने तो ध्वज विनाकारण मिरवणे म्हणजे द्वेषमूलक अभिव्यक्ती ठरवली. २०२३ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निष्कर्ष कायम ठेवला. म्हणजे जुन्या ध्वजाला राज्यानेच एक पक्का अर्थ दिला. रंगांना अर्थ नसतो म्हणता, मग नारिंगी, पांढरा आणि निळा यांनी काय अपराध केला?

उत्तरपक्ष : त्या रंगांनी काहीच नाही, आणि न्यायालयाने निवाडा रंगांचा केलाही नाही. तो ध्वज डच, बोअर आणि ब्रिटिश परंपरांचा मेळ म्हणून बनला. कोणत्याही अधिकृत वर्णनात काळ्या माणसाचा अपमान लिहिलेला नव्हता. १९४८ नंतर त्याच्याखाली काळ्यांच्या फिरण्यावर बंधन घालणारे पासचे कायदे कडक झाले, वस्त्या उठवल्या गेल्या, तुरुंग भरले, आणि जवळजवळ अर्धशतक राज्याने आपल्या कृतीने त्या कापडाला एक अर्थ दिला. तो दिवाणी दाव्यातल्या पुराव्यासारखा साचत गेला. लेखी उलगडा नसतानाही ध्वजाला अर्थ येतो, आणि तो राज्याच्या वागण्यातून येतो, याचा यापेक्षा ठळक दाखला मला माहीत नाही. उलट बाजूचा दाखलाही त्याच देशात आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर न्यूझीलंडविरुद्धच्या रग्बी सामन्यात गोऱ्या प्रेक्षकांनी जुने ध्वज मुद्दाम नाचवले होते. २४ जून १९९५ रोजी, त्याच मैदानावर, त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध दक्षिण आफ्रिकेने विश्वचषक १५-१२ असा जिंकला, तेव्हा बहुतांशी गोऱ्याच प्रेक्षकांच्या हातात नवे ध्वज होते आणि मंडेला संघाचा हिरवा अंगरखा घालून मैदानावर उतरले होते. हंगामी म्हणून घेतलेला ध्वज १९९६ च्या घटनेत कायम झाला तो या स्वीकारामुळे; वर्ष-दोन वर्षांत त्याला विरोध करणारे आवाज विरून गेले होते. तो स्वीकार पहिल्या उत्साहातला होता, आणि मारिकानाही त्याच हिशेबात जमा होते, हे मी नाकारत नाही. नव्या ध्वजाचा अर्थही असाच साचतो आहे, चांगला आणि वाईट.

पूर्वपक्ष : मग शाळेतल्या मुलाने विचारले, गुरुजी, लाल रंग कशाचा, तर काय सांगायचे?

उत्तरपक्ष : त्याला १९२७ चे भांडण सांगावे, नारिंगी आणि लाल यांच्या मधली छटा का घ्यावी लागली ते सांगावे, लोकांनी सात हजारांहून अधिक चित्रे पाठवली आणि एकही चालले नाही हे सांगावे. शार्पव्हिल त्याच तासाला सांगावे, आणि मारिकानाही. मग तुला हा लाल कशाचा वाटतो, असे त्याला विचारावे. शार्पव्हिलमध्ये आजोबा गमावलेले मूल एक उत्तर देईल, आफ्रिकानर शेतकऱ्याचे मूल दुसरे देईल, आणि एकाच वर्गात बसून दोघांनी एकमेकांची उत्तरे ऐकावीत यासाठी राज्याने आपले उत्तर फळ्यावर आधी लिहून ठेवलेले नसावे.